दावणीच्या गाईला पॅच लावून उपयोग होईल का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे संकरित एचएफच्या (होल्स्टीन फ्रिजियन) अकरा गाई आहेत. गोठा पक्का, गाई दावणीला. पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून मी कामावर जातो. दिवसभर गोठा आईच्या अंगावर असतो. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक काही दिसत नाही. गेल्या वर्षात तीन गाईंचे माज हुकले. त्यातली एक व्यायल्यापासून सात महिने रिकामी आहे. मुलाने परदेशातल्या गोठ्याचा व्हिडिओ दाखवला. त्यात गाईच्या शेपटीच्या वर पॅच चिकटवतात आणि ती माजावर आली की त्याचा रंग बदलतो. असे डझनभर पॅच ऑनलाइन मागवावेत असं चाललंय. मागवू का?
– एक पशुपालक, संगमनेर तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी थांबले. दावणीला. पॅच मागवायच्या आधी त्याचं बोलू.

पॅचला माज कळत नाही. आपल्यावर दुसऱ्या जनावराचं वजन पडलं, एवढंच त्याला कळतं. गाय माजावर आली की दुसरी गाय तिच्यावर उडते आणि ही पुढे न सरकता पाय रोवून उभी राहते. हा खरा माज. पॅच त्या क्षणाची खूण ठेवतो. बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. ‘कामर’सारख्या पॅचमध्ये रंगाची छोटी नळी असते. वर चढलेल्या गाईच्या छातीचा दाब तीनेक सेकंद सलग पडला की पांढरा पॅच लाल होतो. ‘एस्ट्रोटेक्ट’सारख्या पॅचवर चंदेरी थर असतो, तो घासून निघाला की खालचा भडक रंग उघडा पडतो. मोबाइलच्या रिचार्ज कूपनवरचा थर आपण नाण्याने खरवडायचो, अगदी तसंच.

आता सांगा, दावणीला बांधलेल्या गाईवर उडणार कोण? शेजारची गाय दोन हातांवर, तीही बांधलेली. तुमचे पॅच महिनाभर कोरे राहतील आणि तुम्ही म्हणाल, गाई माजावरच येत नाहीत. मग कुणीतरी इंजेक्शनं सुचवेल, पावडरी आणायला लावेल. गाय मात्र दर एकवीस दिवसांनी येऊन जात असेल. ज्या गाईंना ‘माजावर येत नाही’ म्हणून मला बोलावलं जातं, त्यांच्यातल्या कितीतरी गाईंच्या पोटात हात घातला की बीजांडकोश व्यवस्थित काम करताना लागतात. गाय येत असते, आपल्याला दिसत नसते. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी जाळीवर करा. गोठ्याला लागून मोकळी जागा असेल तर तिला कुंपण घाला, सावलीची सोय करा आणि गाई सोडा. मुक्त संचार गोठे तुमच्या भागात आता बरेच झालेत, एखादा बघून या. खाली माती किंवा मुरूम ठेवा, कोबा नको. पाय घसरतो तिथे गाय उडायला धजत नाही आणि पायाला जखम असलेली गाय तर माजावर असूनही कोपऱ्यात उभी राहते. खूर वाढलेले असतील तर तेही आधी साळून घ्या.

एवढं लगेच जमणार नसेल तर निदान दोन वेळा गाई मोकळ्या सोडा. पहाटे धारेच्या आधी अर्धा तास आणि रात्री नऊच्या पुढे अर्धा तास. भर दुपारी सोडून काही दिसत नाही, उन्हात गाई सावली धरून बसतात. उन्हाळ्यात तर बहुतेक उड्या रात्रीच होतात.

मोकळ्या गोठ्यात मग पॅच कशाला, बघितलं की दिसतंच, असं कुणी म्हणेल. नाही दिसत. दुभत्या एचएफ गाईचा माज हल्ली सरासरी सात-आठ तासांचा भरतो. तेवढ्यात ती आठ-नऊ वेळा दुसरीला अंगावर घेते आणि दर वेळी उभी राहते ती तीन-साडेतीन सेकंद. सगळं मिळून अर्धा मिनिट. गाईच्या एकवीस दिवसांतला हा अर्धा मिनिट तुम्ही कामावर असताना किंवा रात्री दोन वाजता येऊन गेला की गेला. तिथे पॅचचं मोल आहे. आणि तुमच्या आईंसाठी तर फारच. काचेसारखा सोट, म्हणजे माजावर लोंबणारा चिकट स्राव, त्यांना दिसणार नाही, पण पाठीवरचा लालभडक चौकोन अंगणातून दिसेल.

लावायची जागा नीट समजून घ्या. पुठ्ठ्याची दोन हाडं आणि शेपटीचं मूळ यांच्या मधोमध, बरोबर कण्यावर. फार पुढे लावला तर दाब पडत नाही, फार मागे लावला तर शेपूट हलून हलून तो उचकटतो. आधी खरारा करून सुटे केस काढा, शेण-धूळ झटका. पाठ कोरडी हवी. सकाळी गाई धुतल्या आणि लगेच पॅच लावला तर तो दुपारी गव्हाणीत सापडेल. थंडीत पॅच थोडा वेळ खिशात किंवा काखेत धरून गरम करा, डिंक चांगला धरतो. पावसाळ्यात उघड्यावरच्या गाईंना तो टिकवणं मात्र अवघड जातं, हे मी अनुभवाने सांगते.

सगळ्या अकरांना लावू नका. व्यायल्यावर साठ दिवस उलटलेल्या रिकाम्या गाई, आणि कृत्रिम रेतन करून सतरा-अठरा दिवस झालेल्या गाई, एवढ्यांनाच. दुसऱ्या यादीतली गाय उलटणार, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येणार असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास पॅच ते सांगेल, आणि तुमचे पुढचे तीन आठवडे वाचतील. सात महिन्यांच्या रिकाम्या गाईला मात्र आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. गर्भाशयात पू असेल किंवा बीजांडकोशावर गाठ असेल तर पॅच काय करणार?

आता एक गोष्ट, जी मी या सदरात याआधी लिहिली नव्हती. २०१४ चा मे महिना. एका मोठ्या मुक्त गोठ्यात मालकाने चंदेरी पॅच आणले होते. सकाळी फोन आला, तीन गाईंचे पॅच रंगलेत, या. मी गेले. दोघींना सोट होता, निरण (योनीचं तोंड) सुजलेली होती, शंका नव्हती. तिसरीला सोट नव्हता. तिला दोन महिन्यांपूर्वी रेतन झालं होतं, पण पॅच जवळजवळ पूर्ण उघडा पडला होता. मालक म्हणाले, उलटली असणार. मीही तेच धरून चालले आणि तपासणी न करता कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, भरली. आठ-दहा दिवसांनी ती गाय गाभडली. गर्भ हातभरही नव्हता, वळलेल्या मुठीएवढा. मी परत गेले तेव्हा गव्हाणीपाशी उभी राहून बघत होते. ती गाय पाण्याच्या हौदाकडे जाताना एका आडव्या पाइपाखालून अंग चोरून गेली. मी वाकून पाइपाच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं. बोटाला चंदेरी भुकटी लागली, चार पांढरे केसही. पॅच गाईने नव्हे, पाइपाने घासला होता.

गाय गाभण असेल तर नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत घातल्यावर गर्भ जाऊ शकतो. मला हे शिकवलेलं होतं, तरीही त्या दिवशी मी हात घातला नाही. तेव्हापासून रंगलेला पॅच बघितला की मी आधी गोठ्यात वर बघते. कुठे आडवा पाइप, खाली आलेली फांदी, पत्र्याची कड आहे का. मग गाई पाणी प्यायला जाताना गर्दी करून एकमेकींच्या पाठी घासतात का ते बघते. पाठीवर बसणारे कावळे-साळुंक्याही पॅच टोचून उकरतात. कोपरा सोलवटला असेल, मधे एखादी रेघ असेल तर तो माज नव्हे. निम्म्याहून अधिक भाग नीट उघडा पडलेला हवा, जोडीला शेपटीजवळचे केस विस्कटलेले, पुठ्ठ्यावर माती किंवा लाळ लागलेली हवी. आणि पूर्वी रेतन झालेली गाय असेल तर कांडी भरण्याआधी गाभण तपासणी. गाभण गाईही कधीकधी माज दाखवतात, म्हणून ही अट पॅच नसला तरी लागू आहे.

आणखी एक. वर उडणारी गाय माजावर असेलच असं नाही. ती माजावर येऊ घातलेली असू शकते, नुकतीच जाऊन आलेली असू शकते. खाली निमूट उभी राहते ती माजावर. आमच्याकडे वर उडणारीलाच पकडून आणणारे बरेच भेटतात.

पॅच परवडत नसतील किंवा वेळेवर मिळत नसतील तर शेपटीच्या मुळावर, कण्यावरून वीतभर लांब आणि चार बोटं रुंद असा रंगाचा जाड पट्टा ओढा. न्यूझीलंडमधल्या हजारो गाईंच्या गोठ्यांत हीच रीत आहे. आपल्याकडे धनगर मेंढरांना खुणेचा रंग लावतात, त्या जातीचा जनावरांसाठीचा रंग किंवा जाड खडू आणा. घराच्या दाराचा ऑइलपेंट नको, कातडी सोलवटते. उड्या पडल्या की पट्टा पुसला जातो, केस उलटे होतात. दर दोन-तीन दिवसांनी पट्टा ताजा करायला लागतो. हे काम आई करू शकतील, आणि त्या निमित्ताने गाईच्या मागे बघणं होईल.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे पंढरपुरी म्हशी आहेत. त्यांना हे पॅच चालतील का? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : नको. माजावरच्या म्हशी एकमेकींवर क्वचितच उडतात, त्यामुळे पॅचला काम मिळत नाही. त्यातून म्हशीचा माज मुका. ओरडणं कमी, सोटही बहुधा लोंबत नाही, बसल्यावर थोडा खाली पडतो. म्हैस उठली की ती बसली होती ती जागा बघत जा. वारंवार थोडी थोडी लघवी करणं, पान्हा चोरणं, दूध अचानक घटणं, यावर लक्ष ठेवा. नसबंदी केलेला रेडा पहाटे आणि रात्री फिरवता आला तर त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. पाच-सहा घरांनी मिळून एक ठेवला तर खर्चही वाटला जातो.

प्रश्न : नमस्कार ताई. तीन महिन्यांपासून पॅच वापरते, गोठा मुक्त आहे. सकाळी सहाला पॅच लाल दिसला की मी लगेच रेतनासाठी फोन करते. ते नऊला येऊन कांडी भरून जातात. चारपैकी तीन गाई उलटल्या. आता कालवडीच व्हाव्यात म्हणून लिंगनिर्धारित कांडी घ्यायची आहे, ती महाग आहे. कुठे चुकतंय? – एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : ताई, पॅच तुम्हाला ‘उडी पडली’ एवढं सांगतो, ‘केव्हा पडली’ ते सांगत नाही. ते तुम्ही शोधून काढायचं. रात्री झोपण्याआधी, दहाच्या सुमारास, बॅटरी घेऊन एकदा गोठ्यातून फिरा आणि कोणते पॅच कोरे आहेत ते वहीत लिहा. रात्री दहाला कोरा आणि सकाळी सहाला लाल, म्हणजे माज मधल्या आठ तासांत कधीतरी सुरू झाला. मधली वेळ धरा, पहाटे दोन. बीजांड सुटतं ते माज सुरू झाल्यापासून साधारण पंचवीस ते तीस तासांनी. म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे तीन ते सकाळी आठच्या दरम्यान. तुम्ही आदल्या सकाळी नऊला कांडी भरून घेता. बीजांड येईपर्यंत शुक्राणू थकलेले असू शकतात. सकाळी दिसलं तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या सकाळी, ही जुनी रीत पॅचलाही लागू आहे.

लिंगनिर्धारित कांडीत शुक्राणूंची संख्या साध्या कांडीपेक्षा खूप कमी असते आणि ते गर्भाशयात टिकतातही कमी वेळ. म्हणून ती आणखी थोडी उशिरा भरायची. वरच्या हिशेबात साधी कांडी दुपारी चार-पाचला चालेल, ही मात्र रात्री आठच्या आसपास. तेवढ्या उशिरा यायला रेतन करणारे तयार आहेत का, हे कांडी विकत घेण्याआधी विचारून ठेवा. आणि ही कांडी पहिल्या वेताच्या निरोगी गाईंना किंवा वजन पुरं भरलेल्या कालवडींना वापरा, उलटणाऱ्या गाईंवर नको.

फोनवर ‘गाय माजावर आहे’ एवढंच सांगू नका. ‘रात्री दहाला पॅच कोरा होता, सकाळी सहाला लाल दिसला, सोट स्वच्छ आहे’ असं सांगा. माझ्याकडे असा फोन आला की मी माझी फेरी त्याप्रमाणे लावते.

तुमच्या उलटलेल्या तीन गाईंचं म्हणाल, तर माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांत त्यांच्या शेपटीला, मांडीला रक्ताचा वाळलेला डाग दिसतो का ते बघा. बऱ्याच गाईंना दिसतो. तो दिसला म्हणून घाबरून औषध देऊ नका, आणि त्या दिवशी कांडीही भरू नका, वेळ गेलेली असते. कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करा. तिथून पंधरा दिवस मोजा. सोळाव्या दिवशी सकाळी धार झाली की पाठ कोरडी करून नवा पॅच लावा आणि त्या रात्रीपासून दहाची फेरी चुकवू नका.