पहिले भारतीय लष्करप्रमुख कोण: करिअप्पा की राजेंद्रसिंहजी?

ठाण्यातल्या अभ्यासिकांमध्ये एनडीए आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं याच प्रश्नावर हमखास गुण घालवतात, म्हणून नीट सांगतो. दोन्ही नावं बरोबर आहेत, पदं वेगळी आहेत.

१५ ऑगस्ट १९४७ पर्यंत एकच 'कमांडर-इन-चीफ' तिन्ही दलांवर असे, शेवटचे ऑकिनलेक. त्या दिवसापासून प्रत्येक दलाला स्वतंत्र कमांडर-इन-चीफ मिळाला. लष्करात आधी लॉकहार्ट, मग बुचर आणि १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पा, म्हणजे पहिले भारतीय. लष्कर दिन त्याच तारखेला असतो.

१९५५ च्या कायद्याने हे पदनाम रद्द झालं आणि 'चीफ ऑफ द आर्मी स्टाफ' आलं. ते पहिल्यांदा राजेंद्रसिंहजी जाडेजांना मिळालं. सर्वोच्च सेनापतित्व मात्र घटनेच्या कलम ५३ नुसार राष्ट्रपतींकडे आहे. माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच. ते आधी पाठ करा.

सीडीएस म्हणजे 'चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ' या पदाची शिफारस कारगिलनंतर, २००१ मध्ये मंत्रिगटाने केली. पद निघालं थेट २०१९ अखेरीस, आणि १ जानेवारी २०२० ला बिपिन रावत पहिले सीडीएस झाले. इथेही एक सापळा आहे: सीडीएस तिन्ही दलप्रमुखांना लढाईचे हुकूम देत नाहीत. ते संरक्षणमंत्र्यांचे तिन्ही दलांच्या बाबतीतले प्रमुख लष्करी सल्लागार असतात. पर्यायांत 'तिन्ही दलांचे सेनापती' दिसलं, तर तो पर्याय खोडा.