वाचकांचे प्रश्न : एकर-गुंठे अधिक हेक्टर-आर

प्रश्न : आमच्या बाजूच्या उताऱ्यांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते, शेजारच्या कागल तालुक्यातील सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. म्हणून आर (R) या संगणक भाषेत ‘चौमी’ (क्षेत्र चौरस मीटरमध्ये देणारे) हे एकाच नावाचे फंक्शन दोनदा लिहिले, एकदा गुंठ्यांसाठी आणि एकदा हेक्टरसाठी. जावामध्ये हे चालते, इथे पहिले गायब झाले. असे का?
– कृषी पदव्युत्तर विद्यार्थी, निपाणी

उत्तर : आर भाषेत फंक्शन ही नावाला बांधलेली वस्तू असते. त्याच नावाला दुसरे फंक्शन बांधले की पहिले सुटते; अर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेले मूल्य) कोणत्या प्रकारचे, हे बांधताना कोणी पाहत नाही. ती निवड जेनेरिककडे, म्हणजे स्वतः काम न करता योग्य फंक्शनला बोलावणाऱ्या फंक्शनकडे, सोपवावी लागते. आधी ‘चौमी’मध्ये फक्त यूजमेथड("चौमी") एवढीच ओळ लिहा. मग ‘चौमी.गुंठा’ लिहा, त्यात अनक्लासने क्लास (वस्तूला लावलेले प्रकाराचे नाव) काढून उरलेल्या आकड्याला १०१.१७ ने गुणा, ‘चौमी.हेक्टर’मध्ये तसेच १०,००० ने. आर भाषेच्या या साध्या, एस-३ नावाच्या पद्धतीत पहिल्या अर्ग्युमेंटचा क्लास पाहून योग्य मेथड (त्या क्लाससाठी लिहिलेले फंक्शन) निवडली जाते. (नावे इथे देवनागरीत छापली आहेत, टंकताना रोमन वापरा.)

जेनेरिक आणि क्लास यांना जोडणारा तो टिंब जपून वापरा. ‘टी’ हे मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करण्याचे जेनेरिक आहे, पण ‘टी.टेस्ट’ ही त्याची मेथड नाही, वेगळेच फंक्शन आहे. तुमच्या साध्या फंक्शनच्या नावात टिंब नकोच.

प्रश्न : दोन्ही क्लाससाठी ‘+’ ची वेगवेगळी मेथड लिहिली. ६५ गुंठे (१ एकर २५ गुंठे) आणि ०.८० हेक्टर मिळवले, तर उत्तर १ एकर २५.८ गुंठे आले.
– तोच वाचक

उत्तर : सोबत ‘इनकम्पॅटिबल मेथड्स’ असा इशाराही आला असेल. तो कधीही दुर्लक्षू नका. ‘+’ च्या बाबतीत आर दोन्ही बाजूंची मेथड शोधते. दोन वेगळ्या सापडल्या, तर दोन्ही बाजूला ठेवून नुसते आकडे मिळवते : ६५ + ०.८० = ६५.८. क्लास मात्र पहिल्या अर्ग्युमेंटचा चिकटतो, म्हणून चुकीचे उत्तर गुंठ्यांच्या ऐटीत छापले जाते. खरे उत्तर असे : ०.८० हेक्टर म्हणजे ८,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७९.०७ गुंठे, एकूण १४४.०७, अर्थात ३ एकर २४ गुंठे. जवळजवळ दोन एकर हरवले होते!

उपाय : दोन्ही वस्तूंना सामाईक पालक क्लास द्या, सी("गुंठा", "क्षेत्र") आणि सी("हेक्टर", "क्षेत्र"). दोन्हींच्या ‘+’ मेथड काढून टाका आणि एकच ‘ऑप्स.क्षेत्र’ लिहा (ऑप्स म्हणजे +, - अशा साऱ्या क्रियांचा गट). दोन्ही बाजूंना तीच मेथड सापडली की इशाऱ्याचे कारणच उरत नाही. आत दोन्ही बाजू ‘चौमी’तून चौरस मीटरमध्ये आणून मगच मिळवा आणि उत्तर कोणत्या मापात हवे, ते तिथेच ठरवा. गुणाकारासाठी स्टॉप (चूक दाखवून थांबवणारे फंक्शन) लावून ठेवा, क्षेत्राला क्षेत्राने गुणायचे काही कारण नाही.

आणखी एक खड्डा : यादीतून पहिली तीन शेते चौकटी कंसाने काढली की क्लास गळून पडतो. आर भाषेने तारखांसाठी ‘[’ ची स्वतंत्र मेथड ठेवली आहे ती यासाठीच, तुम्हीही ‘क्षेत्र’साठी लिहा.

प्रश्न : मग एस-४ (आर भाषेतील अधिक काटेकोर क्लास-पद्धत) घ्यावे का?
– प्राध्यापक, बेळगाव

उत्तर : एस-४ मध्ये सेटमेथडने लिहिलेली मेथड दोन्ही अर्ग्युमेंटचे क्लास पाहून निवडली जाते, त्यामुळे (गुंठा, हेक्टर) आणि (हेक्टर, गुंठा) अशा जोड्यांना वेगळी मेथड देता येते. शिवाय व्हॅलिडिटी तपासून ऋण क्षेत्र नाकारता येते. पण दोन मापांच्या चार जोड्या, तिसरे माप आले की नऊ. तिथेही सामाईक पालकच सोपा पडतो. प्रबंधापुरत्या कोडला एस-३ पुरे. पॅकेज इतरांना द्यायचे असेल आणि आत चुकीची वस्तू शिरणे परवडणार नसेल, तरच एस-४. एस-३ मेथड पॅकेजात ठेवताना नेमस्पेस फाइलमध्ये (पॅकेजातले काय बाहेर उपलब्ध, ते सांगणाऱ्या) एस३मेथड म्हणून तिची नोंद करा, नाहीतर तुमच्या यंत्रावर चालणारा कोड दुसऱ्याकडे ‘मेथड सापडत नाही’ म्हणतो.