पाणी घालू नको

बाळा, जय ख्रिस्त.

तुझा मेसेज वाचला, मग परत वाचला. फुटाळा तलावावर बसून तुम्ही चौघं रात्री उशिरापर्यंत भांडत होते त्याचं मला काही नाही, ते वयच आहे, आणि भांडण कशावर तर येशू मेलेल्यातून उठला की नाही यावर, म्हणजे मला तर बरंच वाटलं. मला टोचली ती तुझी शेवटची ओळ. तू लिहिलंस, "टीचर, शेवटी मीच म्हटलं जाऊ द्या नं, ख्रिस्ती धर्म म्हणजे प्रेम करा, बस एवढंच, तेव्हा सगळे शांत झाले, पण घरी आल्यावर मलाच ते खोटं वाटून राहिलं."

खोटं वाटलं नं? वाटायलाच पाहिजे होतं. संडे स्कूलमधे तुला मी हे शिकवलं नव्हतं.

सगळे शांत काहून झाले ते सांगते. तू जे बोललास त्यात नाही म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्रेम करा याला कोण नाही म्हणेल? तुझा नास्तिक मित्र म्हणणार नाही, तुझा बौद्ध मित्र म्हणणार नाही, पोह्यावर तर्री टाकणारा भाऊही म्हणणार नाही. आणि फक्त एवढंच सांगायचं होतं तर रोमी सुभेदार पिलाताला येशूला वधस्तंभावर द्यायची काही गरज नव्हती. जेवायला माणसं वाढली की वरणात पाणी घालतात तसं तू केलंस, सगळ्यांना पुरलं पण चव कोणालाच लागली नाही. या पत्रात मला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे, पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी वाच: पाणी घालू नको.

मूळ दावा काय आहे तो आधी नीट म्हण. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, 15 वा अध्याय काढ. ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला, आणि तो केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, मग बारा जणांना, मग 500 हून जास्त भावांना, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. हे पत्र साधारण इ.स. 55 च्या आसपासचं, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांत. आणि "मला मिळालं" म्हणतो म्हणजे ते त्याच्याही आधीचं, हे विश्वास न ठेवणारे अभ्यासकसुद्धा मानतात. तुझा नास्तिक मित्र म्हणाला नं की हे सगळं शेकडो वर्षांनी कोणीतरी रचलं, तर ते चूक आहे, तेवढं त्याला सांग. पण तिथेच थांब. यावरून एवढंच कळतं की त्या लोकांची अगदी सुरुवातीपासून खात्री होती की तो आम्हाला दिसला. तो खरंच उठला का हे इतिहासाच्या पुस्तकातून कोणी तुला सही-शिक्का मारून देणार नाही. तिथून पुढे विश्वास लागतो, आणि तसं तोंडावर सांगायला लाजायचं नाही. पुरावा आहे म्हणून छाती ठोकणं हेही पाणीच आहे, दुसऱ्या भांड्यातलं.

त्याच अध्यायात थोडं पुढे पौल काय करतो बघ. ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट, तुमचा विश्वास फुकट, आणि सगळ्या माणसांत आम्हीच कीव करण्यासारखे. असं कोण बोलतं, सांग बरं? आपला धर्म नेमका कुठे मोडता येईल ती जागा स्वतःच बोट ठेवून दाखवतो. तुझ्या नास्तिक मित्राने तिथेच हात घातला म्हणजे पोरगा हुशार आहे, त्याने पौल न वाचता पौलाचाच मुद्दा काढला. आणि तू काय केलंस, विषय बदललास.

आता त्याचे बाकीचे मुद्दे. कबरेवर किती बाया गेल्या यावर चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, वेगळी बोलतात, बरोबर आहे. योहानात एकट्या मग्दालीया मरियेचं नाव, मत्तयात दोघी, मार्कात तिघी, लूकमधे आणखी. लपवू नको. मार्काच्या सगळ्यात जुन्या प्रतींमधे तर पुस्तक 16 व्या अध्यायाच्या 8 व्या ओवीवर संपतं, बाया घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, बस, खलास. पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि पुष्कळ बायबलांत तिथे खाली टीपही असते. मी हे वर्गात मोठ्या पोरांना सांगायची तर काही पालकांना आवडायचं नाही, म्हणायचे पोरांचा विश्वास डळमळतो. अरे, कॉलेजात जाऊन दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर जास्त डळमळतो! तुझंच बघ.

"येशू फक्त देवाचं राज्य सांगत होता, धर्म पौलाने बनवला" हा त्याचा प्रश्न चांगला आहे, मोठमोठ्या लोकांनी यावर आयुष्य घातलंय. मार्क 1:15 मधे येशूचं पहिलं वाक्य तेच आहे, देवाचं राज्य जवळ आलंय, पश्चात्ताप करा. पण पुढच्याच अध्यायात छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला तो म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली. आणि तिथे बसलेले शास्त्री लगेच मनात म्हणतात, देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? म्हणजे नुसता चांगला गुरू हवा असेल तर तो मार्कातही सापडत नाही, पौलाला बाजूला ठेवलं तरी नाही.

तुझ्या बौद्ध मित्राने मात्र सगळ्यात नेमका प्रश्न विचारला, आणि त्याचंच उत्तर तू दिलं नाहीस. तो म्हणाला, आमच्याकडे बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलंय, मग दुसऱ्याने येऊन मला वाचवायचं ही काय गोष्ट झाली. तू दीक्षाभूमीच्या गावात वाढलास बाळा, 14 ऑक्टोबर 1956 ला इथे लाखो माणसांनी कशासाठी धम्म घेतला हे तुला ठाऊक आहे, त्याचा प्रश्न हलका समजू नको. त्याला सरळ सांगायचं: हो मित्रा, इथेच फरक आहे. आम्ही म्हणतो माणूस स्वतःला वाचवू शकत नाही, आणि देव स्वतः खाली उतरून वाचवतो, आमचं म्हणणं तेवढंच आहे, तुला पटत नसेल तर नाही पटत. तो तुझा हात सोडून जाणार नाही. "आपलं सगळं सारखंच रे" म्हणालास की त्याच्या बाबासाहेबांचाही मान राहत नाही आणि तुझ्या ख्रिस्ताचाही.

आणि चर्चमधे पण जात आहे म्हणाला नं तो? आहे. लग्न जमवताना विचारतात, मी डोळ्याने पाहिलंय. वकिली करू नको. गलतीकरांस पत्रात लिहिलंय की ख्रिस्तात ना यहूदी ना हेल्लेणी (ग्रीक), ना दास ना स्वतंत्र, त्या वाक्यासमोर आपली चर्चची मंडळी आरोपी आहे, आणि तो मित्र जे बोलला ते पौलच बोलला असता. पण संदेश खरा की खोटा हा वेगळा प्रश्न आहे, तो ठेव बाजूला आणि मग त्यावर बोल. दोन्ही एकत्र कालवले की तू फक्त माफी मागत बसतोस.

हे झालं बाहेरच्यांचं. तुमच्यातला तो चौथा, घरगुती प्रार्थनेला जाणारा, त्याच्यावर मला जास्त राग आला, कारण तो आपला आहे. तो म्हणाला आपल्या पापांची शिक्षा देवाने येशूला दिली हेच शुभवर्तमान, असं मानलं नाही तर तू ख्रिस्तीच नाहीस. त्यावर नास्तिक पोराने विचारलं की निरपराध माणसाला शिक्षा हा कुठला न्याय, आणि तुम्ही दोघंही गप्प. त्याला विचार, निकेयाचा विश्वासांगिकार, म्हणजे आपली जुनी विश्वासाची कबुली, म्हणतोस नं उपासनेत? 381 मधे पक्का झालेला. त्यात "आमच्यासाठी" वधस्तंभावर गेला एवढंच आहे, कसं आणि कोणत्या हिशोबाने ते नाही. पहिल्या शतकांतले पुष्कळ जण म्हणायचे की त्याने मरणाला आणि सैतानाला हरवलं. अन्सेल्म या धर्मपंडिताने 1098 च्या सुमारास म्हटलं की देवाच्या मानाचं देणं माणसाला फेडता येत नव्हतं ते त्याने फेडलं, पुढे काही दशकांत अबेलार हा दुसरा पंडित म्हणाला ते प्रेम बघून माणूस पालटतो, आणि शिक्षेची भाषा पुढे चर्चच्या सुधारणेच्या (प्रोटेस्टंट) काळात, 1500 नंतर, पक्की झाली. हे सगळे ख्रिस्तीच होते. दावा एक, समजावण्या अनेक. त्या पोराने एका समजावणीलाच दावा करून टाकलं. तूही पाणी घातलंस आणि त्यानेही, फक्त त्याने उकळतं घातलं.

आता मी एवढी का चिडते ते ऐक. तुला माहीत नसेल, मी मंडळीच्या कमिटीत होते. एकदा मोठी सभा ठरली आणि छापायचं पत्रक टेबलावर आलं. गुलाबी कागद, वर सूर्याची किरणं, आणि खाली ओळीने: नोकरी, लग्न, कोर्टकेस, कर्ज, मूलबाळ, सर्व प्रश्न सुटतील, येशूकडे या. मी पेन घेऊन विचारलं, यात वधस्तंभ कुठे आहे? कोणी बोलेना. मी म्हटलं मग मी सही करत नाही. एक जण म्हणाले बाई, माणसं आधी येऊ द्या, मग सांगू. मी म्हटलं कर्ज फिटलं नाही की तो माणूस तुम्हाला काय विचारेल? पत्रक छापलं गेलं, पुढच्या निवडणुकीत मी कमिटीत नव्हते. लोक म्हणाले अडेलतट्टू आहे, माणसं तोडते. म्हणू दे. मी आजही सही करणार नाही. ज्या येशूने बारा जणांना स्वतःचा वधस्तंभ उचला सांगितलं त्याच्या नावावर मला कर्जमाफी वाटायची नव्हती, आणि मी भांडले नसते तर कोणीच भांडलं नसतं हेही खरं आहे.

आणि एक गोष्ट मनात राहून गेली आहे, ती या वयात जात नाही. माझा धाकटा भाऊ. त्याने तरुणपणी अगदी तुझ्या नास्तिक मित्राचाच प्रश्न एका पाळकसाहेबांना विचारला होता, उत्थानाचा, तर त्यांनी सांगितलं विश्वास ठेव, असे प्रश्न सैतान घालतो. त्या दिवसापासून तो उपासनेला आला नाही. नाताळला घरी येतो, करंज्या खातो, पोरांना पैसे देतो, आणि प्रार्थना सुरू झाली की गच्चीवर जातो. त्याला कोणी "हो, हा प्रश्न खरा आहे, बस, बोलू" असं म्हटलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यामुळे तुझा मेसेज आला की मी हातातलं काम टाकते, समजलं?

वाद घालायला घाबरू नको, आपल्या भाषेत ही जुनी रीत आहे. 1857 साली मुंबईत समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू घेणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी लोकांसमोर बसून महिनोनमहिने वाद करत होते, दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 ला इंग्लंडमधे बाप्तिस्मा घेतला आणि ज्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं त्यांच्याशीच पत्रांतून भांडल्या, कोणी सांगितलं म्हणून मी मानणार नाही, स्वतः वाचून मानेन. आणि आपले नारायण वामन टिळक, काही वर्षं या नागपुरातच होते, राजनांदगावच्या गाडीत एका गोऱ्या माणसाने हातात नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने धरून ठेवलं. प्रेम करा, शत्रूवरही करा, ते तिथेच आहे. पण टिळक त्या उपदेशावर थांबले नाहीत. 1895 ला बाप्तिस्मा घेतला, घर फाटलं, लक्ष्मीबाईंनी त्यात काय सोसलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नुसत्या चांगल्या उपदेशासाठी माणूस एवढी किंमत देत नाही रे.

तू म्हणशील टीचर, तुमचं सोपं आहे, माझे मित्र तुटतील. पौल अथेन्समधे अरियपगात, म्हणजे तिथल्या सभेत, उभा राहिला होता, त्यांच्याच कवींची ओळ घेऊन बोलला, सगळे ऐकत होते, आणि मेलेल्यांच्या उत्थानाचं नाव काढल्याबरोबर काही जण हसले. काही म्हणाले याबद्दल तुझं पुन्हा ऐकू. थोडे जण बरोबर आले, दिओनुस्य, दामारी नावाची एक बाई आणि आणखी काही, बस. त्याने तो शब्द गाळला असता तर कोणी हसलं नसतं, आणि दामारीही आली नसती.

आणि तुझ्या मनात शंका आहे ती मला सांगायला घाबरतोस असं दिसतं, तीन वेळा "सॉरी टीचर" लिहिलंस. काहून सॉरी? शंका आहे तर आहे म्हण. मला तुझा उसना होकार नको, मला कळू दे तू नक्की कशाला नाही म्हणतोस. अर्धवट पातळ गोष्ट नाकारून गेलास तर मला जास्त वाईट वाटेल.

काम सांगते. मार्क एका बैठकीत वाच, सोळाच अध्याय आहेत, दीड तासात होतो, आणि 16:8 वर थांब, पुढे वाचू नको, तिथे काय वाटतं ते बघ. दुसऱ्या दिवशी करिंथकरांस पहिल्याचा 15 वा अध्याय. मग वहीत अर्ध्या पानात लिही की ख्रिस्ती लोक नक्की काय म्हणतात, तुला पटतं की नाही ते लिहू नको, फक्त ते काय म्हणतात. लिहून झालं की तुझ्या नास्तिक मित्राला दाखव आणि विचार, तू हेच नाकारतोस का? तो हो म्हणाला तर तुझं लिखाण बरोबर आहे. "हे तर मलाही मान्य आहे" म्हणाला तर पाणी पडलंय, परत लिही.

रविवारी उपासनेनंतर घरी या, तू आणि तो नास्तिक मित्र दोघं या, बौद्ध मित्रालाही आण, त्याच्याशी मला बोलायचंच आहे. त्या चौथ्यालाही आण, मी ओरडणार नाही. सावजी करणार नाही, माझ्याच्याने आता तेवढं तिखट होत नाही. माझा भाऊ त्या दिवशी येणार आहे, गच्चीवर न जाता तुमच्यात बसला तर त्याला त्याचा प्रश्न विचारू द्या, मधे बोलू नका.

तुझी,
टीचर