माटोळीखालची पहिली भेट

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील असून माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वडील वारल्यापासून आई आणि मी आमचे छोटे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सांभाळतो. मी एकुलता एक आहे. जिच्याशी मला लग्न करायचे आहे, ती पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर राहते आणि तिच्या वडिलांचा खनिज वाहणाऱ्या बार्जींचा व्यवसाय आहे. यंदाच्या गणेश चवथीला मला त्यांच्याकडे पहिल्यांदाच बोलावणे आले. मी रानातून स्वतः काढलेली कवंडळे आणि घागऱ्या ही फळे केळीच्या पानात बांधून नेली होती. पण बाजारातून सामान आणून त्यांची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, आधीच सजली होती, म्हणून तिच्या आईने ते पुडके मागीलदारी ठेवायला सांगितले. वडिलांचा पहिलाच प्रश्न होता, ‘तुमचो भाटकार (जमीनदार) कोण?’ मी गडबडून ताठ उभा राहिलो, डोके सुपारीच्या घोसाला लागले आणि शेजारचे तोरिंग (लिंबाच्या जातीचे मोठे फळ) सुटून नैवेद्याच्या नेवऱ्यांच्या ताटात पडले. सगळे गप्प झाले. फक्त तिची आजी हसली, आणि निघताना पाहतो तर तोरिंगाच्या रिकाम्या जागी तिने माझ्या पुडक्यातील एक कवंडळ बांधले होते. चार दिवसांनी तिच्या वडिलांकडून निरोप आला, की मुलाचा डोळा मिळकतीवर आहे. आता कर्ज काढून मोटार घ्यावी, की मला काही नको असे कागदावर लिहून द्यावे?
(एक वाचक, सत्तरी)

उत्तर : मोटार घेऊ नका. बार्जींच्या मालकाला हप्त्यांवरची गाडी फाटकातूनच ओळखता येते, आणि ते हप्ते पुढे आईच्या सुपारीतूनच फेडावे लागतील.

लिहून देण्याचा विचार मात्र नीट तपासायला हवा, कारण तिच्या वडिलांच्या बोलण्यात नुसता ताठा नाही, गोव्याच्या कायद्याची जाणही आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आपल्याकडील व्यवस्थेनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मिळकत, थोडे अपवाद वगळता, दोघांची समाईक होते. मग ती लग्नाआधीची असो, नंतर कमावलेली असो किंवा वारशाने आलेली असो. स्थावर विकायचे झाले तर दोघांचीही संमती लागते. मुलीला वगळून सगळे मुलग्यांना देऊन टाकावे, अशीही सोय नाही. संतती असताना मृत्युपत्राने आपल्या मनाप्रमाणे देता येतो तो मिळकतीचा निम्म्यापर्यंतचाच भाग. म्हणजे उद्या तिच्या वाट्याला जे येईल, त्याच्या विक्रीखतावर जावयाची सही लागणार. ते तुमच्या शर्टाकडे पाहत नव्हते, तुमची सही कशी असेल याचा अंदाज घेत होते.

पण तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा हाच हिशेब उलट बाजूनेही मांडून पाहा. तुमच्या आईवडिलांनी करार केला नसेल, तर कुळागराचा निम्मा वाटा आईचा आणि निम्मा तुमचा. लग्नानंतर त्या निम्म्याचा निम्मा, म्हणजे कुळागराचा चौथा हिस्सा, आल्तिनोच्या मुलीचा. मिळकतीवर डोळा कोणाचा, हा प्रश्न तुमच्या आईनेही विचारायला हरकत नव्हती. तिला तो सुचला नाही, यावरून तिचे घर कसे आहे ते मला कळले.

मला काही नको, असे साध्या कागदावर लिहून दिल्याने काहीही साधत नाही. ज्याची मिळकत त्याचीच राहावी असे ठरवायचे असेल, तर रीतसर करार विवाहाच्या आधीच करावा लागतो आणि विवाहानंतर तो बदलता येत नाही. लग्न मंडपात लागते अशी आपली समजूत असली, तरी आपल्याकडे विवाहाची नोंद नागरी निबंधकाकडे व्हावी लागते, म्हणून निबंधकापुढच्या पहिल्या सहीला जाण्याआधीच दोघांनी मिळून वकिलाकडे जावे. दोघांनी, हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. तुमच्या पत्रात तिची आई आहे, वडील आहेत, आजी आहे, तोरिंगसुद्धा आहे. ती स्वतः काय म्हणते याचा एक शब्द नाही. वाटा तिचा आहे, त्यावर पाणी सोडण्याची घाई तुम्ही का करता?

भाटकाराच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दिलेलेच दिसत नाही. जमीन आमचीच आहे, असे म्हणायचे होते. आणि आजोबा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे, असतील तर तेही सांगायचे होते. मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणाऱ्या 1975 च्या कायद्यानंतरही हा प्रश्न विचारण्याची खोड गेलेली नाही, पण उत्तर देताना मान खाली घालण्याचे कारण उरलेले नाही. तुमची मान वरच होती म्हणा, आणि तिथेच घोटाळा झाला.

आता आजीविषयी. भरल्या घरात, मुलगा आणि सून गप्प उभी असताना, मागीलदारी ठेवलेल्या पुडक्याकडे जाऊन त्यातले कवंडळ आणणारी बाई नुसती हौशी नसते. त्या घरात तिला कोणी अडवू शकत नाही, हे तिने तुम्हाला दाखवले. दिवाळी जवळ आली आहे. नरकचतुर्दशीला आजीला आणि नातीला तुमच्याकडे फोव (पोहे) खायला बोलवा. आईला ताकातले, गुळातले, जमतील तेवढे प्रकार करू द्या, पण पाहुण्यांसाठी उसन्या चांदीच्या वाट्या आणू नका. खाणे झाले की आजीला कुळागरात न्या आणि कवंडळाची वेल कुठे चढते ते दाखवा. इतक्या वयाच्या बाईला एवढ्या लांब बसने कोणी पाठवणार नाही, त्यामुळे सोडायला आणि न्यायला गाडी नातीच्या वडिलांचीच येईल. मोटारीचा प्रश्नही तिथेच मिटला.

पुढच्या चवथीला बोलावणे आले, तर आदल्या दिवशीच जा आणि माटोळीच्या गाठी तुम्हीच बांधा. तुमच्या उंचीला स्टूल लागणार नाही.