नेपाळचा ध्वज काढताना

प्रश्न: नेपाळच्या ध्वजाचे दोन त्रिकोण काढताना वरचा किती रुंद घ्यावा?

उत्तर: खालच्याइतकाच! वरचा अरुंद काढणे, ही नेहमीची चूक. नेपाळने ही कृती थेट राज्यघटनेच्या अनुसूचीत दिली आहे, १९६२ पासून. किती सुंदर भूमिती आहे ती!

पाया १५ सेंमी घ्या. डावी उभी कड त्याच्या सव्वापट नव्हे, एक-तृतीयांशाने जास्त, म्हणजे २० सेंमी. तिच्यावर खालून १५ सेंमीवर खूण करून पायाच्या उजव्या टोकाशी जोडा. या तिरक्या रेषेवर उजव्या टोकापासून १५ सेंमी मोजा. त्या बिंदूतून, डाव्या कडेपासून पायाला समांतर १५ सेंमी रेषा ओढा. तिचे उजवे टोक शिखराला जोडा. निळी किनार मात्र या मापांच्या बाहेर येते. आत घेतली की लाल भाग आक्रसतो.