वर्गात चालतं, मग यूट्यूबवर का नाही?

कॉपीराइटबद्दल नाशिक परिसरातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आज घेतो आहे.

प्रश्न : मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला, आमच्या शाळेतली मुलं कुसुमाग्रजांच्या कविता म्हणतात, त्यांच्या नाटकातला एखादा प्रवेश करतात. ‘परवानगी नसेल तर नोटीस येईल,’ असं एका सरांनी सांगितल्यामुळे यंदा कार्यक्रमच रद्द करायचं घाटतंय. – शिक्षिका, सिन्नर

बाई, कृपा करून रद्द करू नका. तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, जिल्ह्यात त्यांची कविता भीतीपोटी बंद पडावी, हे मला सहन होत नाही.

सरांचं निम्मं बरोबर आहे. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क टिकतो. तात्यासाहेब मार्च १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ सुद्धा आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत, प्रश्नपत्रिकेतला उतारा, उत्तरपत्रिकेत लिहिलेल्या ओळी, या सगळ्याला तिथे मोकळीक दिलेली आहे. शाळेतल्या नाट्यप्रवेशालाही आहे. मात्र काम करणारे शाळेतलेच हवेत आणि समोर बसणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक किंवा शाळेच्या कामाशी संबंधित लोकच हवेत. त्यामुळे फळ्यावर कविता लिहा, मुलांना झेरॉक्स वाटा, प्रवेश बिनधास्त बसवा.

अडचण मोबाइलपासून सुरू होते. कुणी तरी पूर्ण प्रवेशाचं शूटिंग करतं आणि संध्याकाळपर्यंत ते शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर चढतं. आता प्रेक्षक फक्त पालक उरले नाहीत, आणि सवलत तर तेवढ्यांपुरतीच होती. व्हिडिओ टाकायचाच असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला, आवृत्ती आणि प्रकाशकाचा पत्ता छापलेल्या पानावर हक्क कुणाचे ते दिलेलं असतं. त्यांना पत्र लिहा आणि होकार लेखी घ्या. अशा पत्रांची लाज किंवा धास्ती वाटायचं कारण नाही.

प्रश्न : आमचा क्लास आहे. दोन-तीन प्रकाशनांच्या गाइडमधली निवडक प्रकरणं एकत्र करून, स्पायरल बाइंडिंग करून मुलांना विकतो. दिल्लीच्या कोर्टाने झेरॉक्सला परवानगी दिली आहे ना? – क्लासचालक, कॉलेज रोड

तो निकाल खरा आहे, पण तुम्ही लावता तो अर्थ त्यात नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेसवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालय दुकानाच्या आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने उभं राहिलं. शिकवण्यासाठी गरजेचं असेल तेवढं घेता येतं, इतकीच पानं असं बंधन नाही, असं न्यायालयाने मानलं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा सोडून दिला. महागडी परदेशी पुस्तकं ज्यांच्या आवाक्यात नाहीत, त्या मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

तुमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे विद्यापीठातल्या शिक्षकांनी ठरवलेल्या वाचनाचे संच होते. गाइड मात्र तुमच्याच विद्यार्थ्यांना विकण्यासाठी छापलेलं असतं. त्यातली प्रकरणं उचलून नफ्यावर विकली, तर ते गाइड लिहिणाऱ्या शिक्षकाच्या पोटावर पाय आणणं आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे : हे बंद करा, स्वतःच्या नोट्स लिहा. विषय, सूत्रं, सनावळ्या यांवर कुणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर आणि शब्दांवर.

प्रश्न : खाली ‘साभार’ लिहिलं किंवा गाणं ३० सेकंदांपेक्षा कमी वापरलं, तर चालतं ना? – रील्स करणारा विद्यार्थी, पंचवटी

नाही. आपल्या कायद्यात सेकंदांचा असा नियम कुठेच नाही. नाव दिलंच पाहिजे, पण त्याने परवानगीची जागा भरून निघत नाही. समीक्षेसाठी थोडा भाग दाखवत असशील तर गोष्ट वेगळी. आणि इंटरनेटवर वाचलेला ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीशिवाय वाजवी वापराची सवलत, बहुतेक वेळा अमेरिकेचा असतो. आपल्याकडे कलम ५२ मध्ये दिलेली कामंच धरली जातात.

प्रश्न : एका प्रकाशकासाठी बालपुस्तकाची चित्रं काढली, एकरकमी पैसे मिळाले, कागद काहीच झाला नाही. आता तीच चित्रं त्यांच्या कॅलेंडरवर आली आहेत. – चित्रकार, सातपूर

तुम्हाला आवडणार नाही, पण हे माहीत हवंच. कलम १७ प्रमाणे पैसे देऊन कुणी चित्र किंवा फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसताना पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. गोष्ट किंवा कविता लिहून देणाऱ्याचं तसं नाही. तो नोकरीत नसेल तर हक्क त्याचाच राहतो. चित्रकारांवर हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. तरीही चित्राखाली तुमचं नाव असावं, हा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच आहे, तो आज मागा. कॅलेंडरचे पैसे मिळतील अशी आशा मात्र मी लावणार नाही. पुढच्या कामाआधी एक पानभर लिहून घ्या : हक्क चित्रकाराचा, वापर फक्त या पुस्तकापुरता, अमुक वर्षं.

प्रश्न : साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर तिकीट लावून नाटक करायचं आहे. – हौशी नाट्यसंस्था, नाशिक

जरूर करा. गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं. गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून मूळ पुस्तक सर्वांसाठी खुलं आहे. संहिता मात्र पुस्तकावरूनच लिहा. नंतर कुणी केलेलं नाट्यरूपांतर किंवा सिनेमाची पटकथा यांचे हक्क वेगळे असतात. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागेल; त्यासाठी संहिता तारीख ठरवण्याआधीच पाठवा.