थिसलगॉर्म: आधी बाहेरून फिरा, मग आत

चाळीसगावच्या भाऊंचा प्रश्न असा: मालवणला ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालंय, डिसेंबरात इजिप्तच्या शर्म-अल-शेखला चाललोय, तिथल्या थिसलगॉर्मच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ब्रिटिश मालवाहू जहाजाच्या आत शिरता येईल का?

जा की, पण आधी ॲडव्हान्स्ड, म्हणजे पुढचा कोर्स करून घ्या. तुमचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं आणि हे जहाज बसलंय ३० मीटरवर. कुणी कार्ड न बघता न्यायला तयार झाला, तर त्या बोटीवर चढूच नका.

आत शिरण्यापेक्षा अवघड काम दोरावरचं. तिथे दोर धरूनच उतरायचं आणि चढायचं. तिथला करंट (पाण्याचा प्रवाह) कधी कधी इतका असतो की हात सुटला तर जहाज परत गाठणं होत नाही.

पहिली डाइव्ह बाहेरूनच करा. मी भुसावळचा, त्यामुळे मला जहाजातल्या ट्रकांपेक्षा रेल्वे इंजिनांचं अप्रूप जास्त! ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन हेन्केल विमानांनी बॉम्ब टाकले, चौथ्या होल्डातला (माल ठेवायच्या कप्प्यातला) दारूगोळा पेटला आणि डेकवरची वाफेची दोन इंजिनं उडून जहाजाच्या दोन बाजूंना वाळूत पडली. नऊ माणसं गेली. मागचा भाग तुटून डावीकडे कललाय, त्यावरच्या तोफा अजून जागेवर आहेत. इंजिनापाशी मात्र रेंगाळू नका. साध्या हवेवर ३० मीटरला जेमतेम २० मिनिटं मिळतात. नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा) कोर्स इथे वसूल होतो.

दुसऱ्या डाइव्हला गाइडच्या मागे होल्डात. बेडफर्ड ट्रक, त्यांच्यावर दाटीनं उभ्या केलेल्या बीएसए मोटारसायकली, रबरी बुटांचा ढीग. वरून उजेड येतो म्हणून निर्धास्त होऊ नका. फिन (पायातला पंखा) खाली आपटला की गाळ उठतो आणि मागच्यांना काही दिसत नाही. त्यासाठी फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारणं हवं, ते जळगावच्या तरणतलावातही घोटता येतं. कशालाही हात लावू नका. हौशी लोकांनी आठवण म्हणून सुटे भाग आधीच बरेच पळवलेत.

आणि थंडीचं बघा. आपल्याला ४५ अंशांची सवय, तिथे डिसेंबरात पाणी २४च्या आसपास. ५ मिलिमीटरचा सूट घ्याच, पण खरं गारठायला होतं ते दोन डाइव्हच्या मध्ये, बोटीवरच्या वाऱ्यात. विंडचीटर न्या. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनीच.